कंट्रोलची रोपं

तिने डीएनए चाचणीचा फोटो टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि फोटो नाकाजवळ धरला. न तापवलेल्या, म्हणजे कंट्रोलच्या रोपांचा रकाना कोरा हवा होता. तिथे ठसठशीत काळी पट्टी होती.

"दोनदा केलं, सर," विद्यार्थिनी म्हणाली. "कंट्रोलमध्येही जागा झालाय."

जागा झाला होता तो उड्या मारणारा जीन. रोपाच्या डीएनएत असले उपद्रवी तुकडे पुष्कळ. मिथाइलची कुलपं घालून रोप त्यांना निजवून ठेवतं. कडक उष्णता लागली की ते उठतात आणि भलत्याच जागी जाऊन बसतात. हे सिद्ध करण्यात तिची पीएचडीची वर्षं गेली होती, आणि आता घरचेच साक्षीदार उलटले होते.

"माझ्याच हातून काहीतरी..."

"तुझ्या नाही. ट्रे माझ्या घरी होता."

प्रयोगशाळेतलं रोपांचं गार कपाट बिघडल्यावर संस्थेने दुरुस्तीसाठी समिती नेमली. समितीचं एकमत होईपर्यंत रोपं जगणार नव्हती, म्हणून सरांनी ट्रे घरी नेला. मोकळं टेबल एकच, आजारी बायकोच्या खोलीत, हीटरला लागून.

"झाडं आहेत तोवर हीटर लावायचा नाही," त्यांनी बजावलं होतं आणि तिच्या अंगावर आणखी एक शाल टाकली होती.

"बरं बाई. सवतींना झळ नको लागायला," ती म्हणाली होती.

ट्रे परत आला त्याच आठवड्यात ती गेली. तिचे गार हात तेवढे सरांच्या लक्षात राहिले. तेव्हापासून घरात हीटर लागला नव्हता. थंडी मानवते, असं ते लोकांना सांगत.

"पण काकूंच्या खोलीत गारच होतं ना, सर?"

"मी असताना. एरवी तिची बहीण असायची."

मेहुणीशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. सांगितलेलं ऐकायचं नाही, हा तिचा जन्माचा बाणा.

"म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून," विद्यार्थिनी म्हणाली.

"हो. चूक माझी आहे, ते मी सांगेन सगळ्यांना." फोटो मात्र त्यांनी हातातून सोडला नाही. "नुसत्या उबेने एवढी पट्टी येते?"

"छे, सर. चांगलंच तापावं लागतं. तासन्‌तास."

सर बराच वेळ पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

"चांगलंच ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.