ऐकणारं कुणीतरी

फोन वाजला तेव्हा आसावरीने नळ बंद केला, ओले हात स्वेटरला पुसले आणि ती बेडरूममध्ये गेली. रविवारची सकाळ होती. स्क्रीनवर वांगनूंचं नाव होतं. आज सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं.

द्वारकानाथ वांगनू अमेरिकेतच, दुसऱ्या टोकाला हर्नडनला मुलाकडे राहत. उर्दूत त्यांची पुस्तकं होती, हिंदीत सन्मान झाले होते, इंग्रजीत ते व्याख्यानं देत फिरले होते. पण कविता सुचायची ती काश्मिरीतच. मुलाला ती भाषा कळे, पण कविता ऐकण्याइतका दम त्याच्यात नव्हता. नातवंडं इंग्रजीत उत्तरं देत. उरला होता श्रीनगरच्या कॉलेजातला मित्र शिव कौल, आसावरीचा नवरा. दर रविवारी वांगनू फोनवर नवी कविता म्हणत आणि इथे बेलव्ह्यूत शिव फोन स्पीकरवर टाकून पलंगावर मांडी घालून ऐके, मध्येच घर दणाणेल असं ‘वाह’ म्हणे. आसावरी नागपूरची. घरात हिंदी आणि इंग्रजीच चाले. काश्मिरी शिकावी असं तिला अनेकदा वाटलं आणि राहून गेलं.

उन्हाळ्यात शिवला स्ट्रोक आला. वाचा गेली. त्यानंतरच्या पहिल्या फोनवर वांगनूंनी कविता म्हटली आणि ते थांबले. शिवची नजर छताला लागलेली होती. ती शांतता आसावरीला सोसवेना. तीच ‘वाह’ म्हणाली. हे मान हलवताहेत, असंही तिने सांगितलं. मग तोच रिवाज झाला.

शिव गेला तेव्हा मुलगी अंतरा जर्सी सिटीहून आली होती. परत निघताना ती म्हणाली, “आई, काकांना सांगून टाक. इट्स नॉट फेअर टु हिम.” आसावरीने मान डोलावली. पण पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा ती रिकाम्या पलंगाच्या कडेला बसून राहिली आणि कविता संपल्यावर म्हणाली, ऐकलं त्यांनी. त्याच्या पुढच्या रविवारीही.

“भाईसाहेब, मला तुम्हाला काही सांगायचंय,” सवयीने फोन स्पीकरवर टाकत ती आता म्हणाली. दोघं हिंदीतच बोलत.

“आधी कविता.”

पहिलीच ओळ तिला समजली आणि ती दचकली. कविता हिंदीत होती. बर्फ पडलेलं मित्राचं अंगण, फाटकापासून दारापर्यंतची वाट, आणि तिच्यावर एकही पाऊल नाही. एवढीच होती. तिला ‘वाह’ म्हणता आलं नाही.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तो गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी. आधी त्याचा श्वास ऐकू यायचा.”

“आणि तरी फोन करत राहिलात?”

“तुम्ही उचलत होतात.”

बाहेर शेजाऱ्याचा पाचोळा उडवायचा लीफ ब्लोअर सुरू झाला, थांबला. वांगनू सावकाश सांगत होते की आता काश्मिरीत कविता लिहून ती ठेवायची कुठे. यापुढे हिंदीतच लिहीन, निदान तुम्हाला तरी कळेल. वापरात नसलेले कपडे कुणाला देऊन टाकावेत, तसा त्यांचा सूर होता.

“हिंदी नको,” आसावरी म्हणाली. “त्यांच्या भाषेतली म्हणा.”

“भाभीजी, तुम्हाला समजणार नाही.”

“माहीत आहे.”

मग त्यांनी सुरुवात केली. पहिल्याच ओळीत आवाज चिरकला. ते थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले.

आसावरीने स्पीकर बंद केला आणि फोन कानाशी धरला.