बारा ते तीनचा खेळ

आधीच कबूल करते, अवताराचा व्हिडिओ मी बनवला होता. एक नव्हे, दोन.

मोबाईलवर चौघांनी मिळून खेळायचा लढाईचा एक गेम मी तीन वर्षं खेळतेय, आणि चांगली खेळते. पुण्याच्या एका संघातली चौथी जागा रिकामी झाली, तेव्हा कप्तान अमृताने दोन गोष्टी मागवल्या. खेळाची आकडेवारी आणि एक मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ. त्यातून निवडलेल्यांची रविवारी ऑनलाइन चाचणी. ती जागा मला हवीच होती. दिवसभर गुलमंडीतल्या दुकानात साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या, यापलीकडेही मंजुषाला काही येतं, हे बाहेरच्या कुणीतरी म्हणावं, एवढीच हाव.

पण कॅमेऱ्यासमोर माझी बोबडी वळते. गिऱ्हाइकापुढे तासभर तोंड चालतं, कॅमेऱ्यापुढे नाव सांगतानाही घाम फुटतो. म्हणून अवतार, म्हणजे आपल्याऐवजी बोलणारा कॉम्प्युटरने बनवलेला चेहरा. पहिल्या साइटवर तयार चेहरे होते. त्यातली एक बाई निवडून मजकूर टाकला, तर ती मानही न हलवता स्टेशनवरच्या सूचनांसारखी बोलली. दुसऱ्या साइटने माझ्याच फोटोतून मला घडवलं. ती मी गोरी होते, नाकावरचा व्रण गायब होता, आणि आत्मविश्वास असा की मीच तिला घाबरले. म्हटलं, हीच जाऊ दे.

आप्पांनी मागून डोकावलं. आप्पा म्हणजे माझे वडील, वेरूळला तीस वर्षं गाइड आहेत.

"ही कोण?"

"मीच की!"

"नाय. हिच्या मागं एक टुरिस्ट लेणीत शिरायचा नाय. बोलती लई छान, पण बघती कुणाकडं?"

मी त्यांना चहा करायला पिटाळलं आणि आकडेवारीकडे वळले. तिथंही दोन साइट. पहिलीवर आपलं नाव टाकलं की मोठमोठे आकडे चमकतात. शत्रू किती मारले, किती वेळ टिकलात, पडलेल्या साथीदारांना कितीदा उठवलंत. उठवण्यात मी देशात वरच्या पाच टक्क्यांत! माझी कॉलर ताठ झाली. दुसरी साइट दिसायला अगदीच भिकार, पण ती तासातासाचे आकडे वेगळे दाखवायची. संध्याकाळी सातनंतर शत्रू भरपूर मारलेले, साथीदार उठवलेले जेमतेम नऊ. दुपारी बारा ते तीन शत्रू एकही नाही, आणि साथीदार उठवलेले चारशे बारा.

दुपारी बारा ते तीन मी दुकानात असते. तिथं मोबाईल बाहेर काढला तरी मालक डोळे वटारतो.

खातं हॅक झालं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. आप्पा चहा घेऊन आले आणि त्यांनी माझ्याकडे न बघता कप खाली ठेवला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा जुना मोबाईल मी त्यांना दिला होता, आणि खातं त्यात तसंच चालू होतं.

"उन्हाळ्यात दुपारी लेणीकडं चिटपाखरू नसतं," ते म्हणाले. "सावलीत बसल्या बसल्या शिकलो. चिडलीस व्हय?"

"आप्पा, एकालाही मारलं नाही तुम्ही!"

"नेम नाय जमत मला. पण चार माणसं आत गेली तर चारच भाईर आली पायजेत. लेणीतून निघताना डोकी मोजायची सवय हाय. एक कमी भरलं की माघारी फिरायचं."

मला राग आला होता, आणि खरं कारण लाजिरवाणं होतं. माझा सगळ्यात भारी आकडा माझा नव्हता. चमकणाऱ्या आकड्यांचं पान पाठवलं असतं तर पुण्यात कुणाला पत्ता लागणार होता? पण त्या पानावरची खेळाडू मी नव्हते, व्हिडिओतली मुलगीही मी नव्हते. मग निवड झालीच तर रविवारी खेळायला बसणार कोण?

मी दोन्ही व्हिडिओ पुसले. आप्पा मोबाईल धरून उभे राहिले. "त्या भोकाकडं नको बघू, माझ्याकडं बघ. मी टुरिस्ट." मी अडखळत नाव सांगितलं, बारा ते तीनचे खेळ वडिलांचे आहेत, ते वजा करा म्हणून सांगितलं, आणि तासातासाच्या आकड्यांची लिंक जोडली.

अमृताचा निरोप आला. "नेम उत्तम. पण तू साथीदारांना मागे टाकून पळतेस. तरी रविवारी खेळून बघू."

रविवारी मी सुट्टी घेतली. शेवटच्या डावात मैदान आकसत आलं होतं, पूल ओलांडला की जिंकलो. नेहमीप्रमाणे मी सगळ्यांच्या पुढे. शेजारी आप्पा बशीतून चहा पीत होते. पुलाच्या तोंडाशी मी थांबले, मागे वळून मोजलं. मला धरून तीन. चौथी गोदामात पडली होती. मी माघारी धावले, तिला उठवलं, आणि परतताना पुलावर आम्ही दोघीही मेलो. उरलेल्या दोघींचाही निभाव लागला नाही, डाव गेला.

संपलं, असं वाटून मी हेडफोन काढायला गेले.

"मंजुषा, जिंकत होतीस. परत का गेलीस?" अमृताने विचारलं.

"तीनच डोकी भरली."

ती खळखळून हसली. "बुधवारपासून सरावाला ये. आणि बारा ते तीनवाल्यांना नमस्कार सांग."

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"आता किती जणी झाल्या तुम्ही?"

"चार, आप्पा."

"मंग बराबर हाय," म्हणत त्यांनी जुना मोबाईल माझ्यापुढे केला. "आता मला माझं निराळं खातं काढून दे."