तेल्याच्या घरच्या फेसऱ्या

कृती

अंडी एकेक करून वाटीत फोडावीत. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडे बाजूला. पिवळे वेगळे, पांढरे वेगळे. पांढरे तांब्याच्या तपेल्यात घेऊन माडाच्या हिरांच्या जुडीने फेटावे. फेस उभा राहिला की चाळलेली साखर चिमटीचिमटीने

बसला.

साखर पडताच फेस बसला आणि तळाशी पाणी सुटले.

"काय झालं गं?" पडवीतून दीनाबाईंनी विचारले.

"काही नाही, आई," मिलका आतून म्हणाली. "साखर घालतेय."

थांबा, आधी घर

पनवेल, इस्राएल आळी, चोपन्न साल. उद्या संध्याकाळी पेसाह, बेने इस्राएल यहुद्यांचा मोठा सण. आठ दिवस घरात खमीर नाही, आंबवलेले नाही, पिठाचा कण नाही. भिंतींना चुना झाला, तांब्याची भांडी कल्हई होऊन आली, स्वयंपाकघर धुऊन कोरे झाले.

दीनाबाई मात्र विहिरीच्या पायरीवर घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. आणि त्यांच्या डोक्यात आले, की ही पट्टी डॉक्टरने खळीत भिजवली असली तर? खळ म्हणजे पीठच की! त्यांनी स्वतःलाच स्वयंपाकघरातून हाकलले. आता त्या पडवीत पाटावर बसून तोंडाने स्वयंपाक करत होत्या आणि हात मिलकाचे चालत होते.

मिलका म्हणजे सून. लग्न दिवाळीच्या सुमारास झाले. तेव्हापासून तिच्या वाट्याला नारळ खवणे आणि कोथिंबीर निवडणे. फेसऱ्या कधीच नाहीत.

फेसऱ्या म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचे आणि साखरेचे कुरकुरीत, पोकळ गोळे, तोंडात घातले की विरणारे. सासरे हसाजी, त्यांच्या आजोबांनी पलटणीच्या मेसमधून पेन्शनीबरोबर ही एक विद्या घरी आणली. पीठ नाही, दूध नाही, खमीर नाही. पेसाहला याहून सोयीचे काय? अडचण एकच. पांढऱ्याला तेलाचा थेंब चालत नाही, आणि हे घर तेल्याचे. मागच्या पडवीत घाणी, दाराच्या कडीला तेल, हसाजींच्या सदऱ्याला तेल.

दर पेसाहला फेसऱ्यांची ताटे आळीत घरोघर जात. ज्या बाईच्या हातच्या फेसऱ्या, ती त्या घरची. बाकीच्या नुसत्या तिथे राहणाऱ्या. हे कोणी मिलकाला सांगितले नव्हते. पण नारळ खवता खवता माणसाला कळते.

आणि उद्या सकाळी मुंबईहून नणंद येणार होती. रिबका.

"नाही जमलं तर राहू दे," दीनाबाई पडवीतून म्हणाल्या. "रिबका येतेय. ती करील."

मिलकाने दात आवळले आणि पुढचे अंडे फोडले.

कृती, पुन्हा

हात राखेने धुवावेत. कोपरापर्यंत. तपेले पुसून, उन्हात तापवून घ्यावे. जुडी नवी. पांढरे फेटावे. दंड दुखला तरी थांबू नये. फेस उभा

राहिला! राहिला! साखर

बसला.

तेलाचा शोध

"तेलच आहे कुठेतरी," दीनाबाईंचा निकाल.

"मी हात धुतले."

"केस?"

"कालच शिकेकाईने न्हाले, आई."

"वेणी पुढे आली असेल. अहो! तुम्ही आत डोकावलात का?"

"मी?" हसाजी दारातच उभे होते. "मी नुसता वास घ्यायला."

"वास घेतला म्हणजे तेल गेलंच आत! जा, आंघोळ करा. साबणाने. आणि तोपर्यंत दाराकडे फिरकू नका."

"आंघोळ करतो. पण त्या पिवळ्याचं काय करणार?"

पिवळ्याची नुसती अंडापोळी झाली होती. पहिल्या खेपेची त्यांनी खाल्ली होती. दुसऱ्या खेपेची तव्यावर होती.

"पोरी," ते आवाज खाली आणून मिलकाला म्हणाले, "आणखी एकदा बिघडलं तरी माझी हरकत नाही हो."

हौसा

अंडी संपली, म्हणून ओवे गावच्या हौसाला, अंडीवालीला, निरोप गेला. ती टोपली डोक्यावर घेऊन आली आणि तिने फेसाचे पाणी पाहिले.

"अंडी शिळी होती तुझी," दीनाबाई म्हणाल्या.

हौसाने टोपली खाली ठेवली. कमरेवर हात.

"माजी अंडी शिली? दीनाबाय, कोंबरी अजून ओरडतेय तिकरं, इतकी ताजी हाईत. तुमाला नाय जमत ते बोला की!"

"मला नाही जमत? मला? पंचवीस वर्षं करतेय मी!"

"मंग आज कोन करतंय?"

दीनाबाईंनी मान आत वळवली. मिलका चुलीपाशी उभी होती. तिच्या नाकावर फेस होता.

"ही करतेय व्हय," हौसा म्हणाली. "मंग तिला वरडा ना. माज्या कोंबऱ्यांवर कशाला?"

तिसरी खेप सर्वांच्या देखत झाली. हौसाने स्वतःची अंडी स्वतः फोडली, वास घेऊन दाखवली. दीनाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, पण ओलांडला नाही. मिलका फेटत राहिली. साखर पडली.

फेस दमलेल्या माणसासारखा खाली बसला.

तपेले

"ते तपेलं इकडे आण," दीनाबाई म्हणाल्या.

मिलकाने ते रिकामे करून, पुसून त्यांच्यापुढे धरले. दीनाबाई वाकल्या आणि आत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. लख्ख. कपाळावरच्या घामासकट.

"ह्याला कल्हई कोणी लावली?"

"मी," मिलका म्हणाली. "म्हणजे कल्हईवाल्याकडून. सगळी भांडी गेली, तेव्हा माळ्यावर हे एकटं राहिलेलं दिसलं. आतून लालच होतं. म्हटलं, पेसाहला एकही भांडं सुटायला नको."

"त्याला नसते लावायची!"

"का?"

"का म्हणजे?" दीनाबाई थांबल्या. "का म्हणजे... माझ्या सासूबाईंनी कधी लावू दिली नाही. मीही देत नाही. त्यात काही शिजत नाही, तर लावायची कशाला?"

"पण मग फेस त्यामुळेच बसतो का?"

"मला काय माहीत! मी कधी लावून पाहिली?"

आतापर्यंत तेल शोधत बसलेले सगळे तपेल्याकडे पाहत राहिले.

"काढता येईल?" मिलकाने विचारले.

"घासून? सण संपेल." दीनाबाई परत पाटावर बसल्या. त्यांचा आवाज उतरला होता, पण रागावलेला नव्हता, आणि मिलकाला तेच जास्त लागले. "जाऊ दे. तू नवी आहेस. तुला काय ठाऊक. रिबकाकडे बघू काही सोय आहे का."

मोरीतून आवाज आला. ठण्ण. दुसरी पोळी संपवून हसाजी एकदाचे आंघोळीला बसले होते.

मिलकाने मान वळवली.

एका श्वासात

ती मोरीच्या दारापाशी गेली आणि बाबा घंगाळ हवंय म्हणाली आणि आतून अगं मी आत आहे आले आणि ती म्हणाली बादलीत पाणी काढून घ्या आणि ते म्हणाले साबण लागलाय डोळ्यांत आणि ती म्हणाली डोळे मिटूनच द्या आणि दार बोटभर उघडले आणि वाफेसकट तांब्याचे घंगाळ बाहेर आले, आतून लाल, कल्हई न पाहिलेले, कारण पाण्याच्या घंगाळाला कल्हई कोण लावतो?

वाद

"आंघोळीच्या घंगाळात?" दीनाबाई उठून उभ्या राहिल्या. "आळीत ताटं जायची आहेत!"

"आई, ह्याला कधी पीठ लागलंय?"

"नाही."

"खमीर? भाकरी? ताक?"

"अगं, पण..."

"मग ह्या घरात पेसाहला याच्याइतकं कोरं भांडं दुसरं कुठलं?"

दीनाबाईंनी डाव्या हाताचे बोट घंगाळातून फिरवले.

"तेल आहे त्याला. ह्यांच्या अंगाचं."

"चिंच आणि राख," मिलका म्हणाली. "हौसाबाई, घासता का माझ्याबरोबर?"

"घासते की. माज्या कोंबऱ्यांच्या अब्रूचा सवाल हाय."

कृती

घंगाळ परसात, शेवग्याखाली. चिंचेने घासावे, राखेने घासावे, गरम पाणी, थंड पाणी, ऊन. पांढरे घालावे. फेटावे. हात भरून आला की जुडी हौसाला द्यावी. तिचा भरून आला की परत घ्यावी. पांढरे पांढरे होत जाते, मग घट्ट होते, मग जुडीला धरून राहते. चिमूटभर साखर.

थांबावे. पाहावे.

आणखी चिमूटभर.

हसाजी पंचा गुंडाळून परसात आले होते. मिलकाने घंगाळ उचलले आणि सरळ त्यांच्या डोक्यावर पालथे धरले.

"अगं!"

एक थेंबही पडला नाही. फेस वर चिकटून बसला होता, आणि सासरे त्याच्याखाली डोळे मिटून.

"मेलात तरी हलू नका," दीनाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "बघू दे मला नीट."

कढईत वाळू, वाळूवर ताट, ताटात कागदावर फेसाचे गोळे, वर झाकण, झाकणावर राखेत निजवलेले निखारे. झाकण उचलायचे नाही. हसाजींनी दोनदा विचारले, दोनदा बोलणी खाल्ली.

ऊन उतरल्यावर पहिली फेसरी दीनाबाईंनी डाव्या हाताने घेतली. चावली. आवाज झाला. मग उरलेली जिभेवर धरून त्यांनी विरू दिली.

"साखर जरा कमी," त्या शेवटी म्हणाल्या.

"कमीच घातली. मला अशीच आवडते," मिलका म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

दीनाबाईंनी तिच्याकडे पाहिले. दुसरी फेसरी उचलली.

"आळीला पुरायला अजून दोन खेपा लागतील."

"हो."

"तू आणि हौसा दमलात." त्या घंगाळापाशी बसल्या. प्लास्टरचा हात त्यांनी पाठीमागे लांब धरला, खळीचा वारा लागू नये म्हणून, आणि डावा पुढे केला. "दे ती जुडी."

मिलकाने दिली.

"उद्या रिबका आली की तिलाही अशा कमी साखरेच्या शिकव," फेटता फेटता दीनाबाई म्हणाल्या. "घंगाळाचं मात्र बोलू नकोस."

"बोलणार. नाहीतर कल्हईच्या भांड्यात तिच्या फेसऱ्या व्हायच्या कशा?"

हौसा खो खो हसली. दीनाबाईंचा हात मंदावला.

"थांबू नका, आई," मिलका म्हणाली. "थोडं जोरात. कडेने."

"कडेने," दीनाबाई पुटपुटल्या, आणि कडेने फेटू लागल्या.