अंगावर काढलेलं दुखणं

शनिवारी सकाळी रोंडाच्या गॅरेजमधली खुर्ची कधी रिकामी नसायची. नवऱ्यानं, केंटनं, आपली गाडी कायमची अंगणात काढून तिला तिथं केस कापायचं दुकान थाटून दिलं होतं. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या त्या एवढ्याशा गावातल्या निम्म्या बायकांची डोकी तिच्या हाताखालून जात. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी खुर्चीत तिची थोरली बहीण कार्ला बसली होती. केसांना रोलर लावायला रोंडानं उजवा हात वर नेला आणि "आई गं!" म्हणून झटकन खाली घेतला.

"काय झालं गं?"

"काही नाही ताई, लचक भरलीय."

"महिनाभर? खोटं तरी नीट बोल."

मग रोंडानं सांगितलं. छातीत गाठ होती. सप्टेंबरात मक्याच्या दाण्याएवढी हाताला लागली, आता अक्रोडाएवढी झाली होती. कार्ला आरशात बघत राहिली. 'आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल' असं सख्खी बहीण म्हणाली नाही.

का म्हणाली नाही? कारण त्या मुलखात स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्या माणसांची, वेल्डरची, सुताराची, केस कापणारीची, एक रीत आहे. नवी विमा पॉलिसी घ्यायची असली, की आधी कुठलंही दुखणं डॉक्टरला दाखवायचं नाही. 'पाटी कोरी ठेव,' असं एकमेकांना सांगतात. पूर्वी आजारी माणसाला विमा कंपन्या दारातूनच हाकलत. पुढे कायदा झाला, हाकलणं बंद झालं, लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. पण त्या वर्षअखेर हप्त्याला मिळणारी सरकारी मदत संपणार होती, आणि जुनं दुखणं न विचारणाऱ्या खऱ्या पॉलिसीचा हप्ता घराच्या हप्त्याच्या वर जाणार होता. मग जुनी दुखणी विचारणाऱ्या स्वस्तातल्या पॉलिसींना पुन्हा गिऱ्हाईक आलं, आणि ही मेली रीत पुन्हा उठून बसली.

दुपारी कार्लाकडून कळल्यावर तिचा नवरा लायल आला. गावाचा विमा एजंट तोच. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली, तर जेवणाचा पहिला डबा लायलच्या घरून जायचा.

"साडूभाऊ, डिसेंबरपर्यंत चांगली पॉलिसी आहे ना हातात?" केंट म्हणाला. "मग उद्याच दाखवू की!"

"दाखव. आणि जानेवारीत काय करशील? तो हप्ता झेपणार आहे तुला? डॉक्टरनं एकदा गाठीचं नाव काढलं, की स्वस्तातली कंपनी दारात उभं करणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, केंट. नवी पॉलिसी लागू दे, दोन-तीन महिने जाऊ देत, मग खुशाल दाखवा. बहुतेक गाठी साध्याच असतात."

"आणि साधी नसली तर?"

"असेल हो साधी," रोंडाच मध्ये बोलली. "दाजी आपल्या भल्याचंच सांगतायत." तिला गाठीपेक्षा हप्त्यापायी केंटचं वेल्डिंगचं वर्कशॉप विकायला लागेल याची धास्ती जास्त होती.  केंटनं तेव्हा हट्ट धरायला हवा होता, पण धरला नाही.

रोंडानं दुखणं अंगावर काढलं. नाताळात हसली, बर्फात अंगण झाडलं, गोळ्या खाऊन खुर्चीमागं उभी राहिली. मार्चमध्ये तिच्या हातून कात्री गळून पडली, तेव्हा केंटनं कुणाला न विचारता तिला गाडीत घातलं.

"गाठ कधीपासून आहे?" शहरातल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

"सप्टेंबरपासून," रोंडा म्हणाली. डॉक्टरशी खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. दुखणं जानेवारीत घेतलेल्या स्वस्तातल्या पॉलिसीच्या आधीचं, हे डॉक्टरच्या कागदावर आलं, म्हणून कंपनीनं हात वर केले. खरी पॉलिसी वर्षातून एकदाच घेता येते, तिचं दार आता पुढच्या जानेवारीपर्यंत बंद. आणि जानेवारी बघायला ती उरेल, असं कुणीच म्हणेना.

मग गावानं केलं ते नेहमीचंच. पैसे गोळा करायला चर्चच्या तळघरात मदतीचं जेवण ठेवलं. मोठमोठ्या पातेल्यांत चिली, म्हणजे राजमा-खिम्याची तिखट आमटी, शिजली, जोडीला दालचिनीचे रोल आले, घरोघरी भाजलेल्या फळांच्या 'पाय'चा लिलाव झाला. लिलाव पुकारायला लायल होता. लोकांनी एकेका 'पाय'साठी गाडीच्या टायरची किंमत मोजली. शेवटी त्यानं ओल्या डोळ्यांनी रोंडाला पुढं बोलावलं.

डोक्याला रुमाल बांधलेली रोंडा टेबलाला धरून उभी राहिली.

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत," ती म्हणाली. "पण मी काही अचानक आजारी पडले नाही. गाठ मला ठाऊक होती. मी लपवली. आपण सगळेच लपवतो. आज इथं कोण कोण लपवून बसलंय?"

लायलनं पुढं होऊन तिचा हात धरला.

"रोंडा, ही वेळ नव्हे," लायल हळूच म्हणाला.

"माझ्याकडे दुसरी वेळ कुठाय, दाजी?"

तेवढ्यात चिली वाढणाऱ्या कार्लानं पळी पातेल्यात सोडली. 

"मी लपवलंय," ती म्हणाली. "जानेवारीपासून लघवीला रक्त जातंय माझ्या. लायल, उद्या नेतोस मला दवाखान्यात, की आधी पाटी कोरी ठेवू?"

 भरल्या तळघरात लायल लहान मुलासारखा रडायला लागला.

"मी नेतो ताई," केंट म्हणाला. "उद्या नाही. आत्ता."

ऑगस्टमध्ये, मका शेतात उभा असताना, रोंडा गेली. कार्लाच्या मूत्रपिंडातली गाठ वेळेवर निघाली, ती वाचली. आता मदतीचं जेवण कुणाचंही असो, ती आधी माईकपाशी जाते आणि रोंडानं विचारलं तेच विचारते. काही माणसं चिडतात, काही उठून जातात. दर वेळी एखादी बाई मात्र नंतर तिला कोपऱ्यात गाठते.

"तुझं नशीब बलवत्तर म्हणून वाचलीस हो," परवा कुणी तिला म्हणालं.

"नशीब कसलं?" कार्ला कडाडली. "माझी बहीण मरायला टेकली, तेव्हा कुठं मी दवाखान्यात गेले. तुम्ही कुणाच्या मरणाची वाट बघताय?"