डावा दरवाजा

कुंडलिकचं एक होतं. गाडी नाल्यात पडलेली असो, दुभाजकावर चढलेली असो की चाकं वर करून झोपलेली असो, तो ती उचलणार म्हणजे जपूनच उचलणार. बावीस वर्षं कल्याण-शीळ रस्त्यावर त्याची क्रेन फिरतेय, पण अपघातात जे लागलं त्याच्यावर एक ओरखडा त्याने गाडीला जास्त लागू दिला नाही. बाकीचे क्रेनवाले साखळी अडकवतात आणि फरफटत नेतात, त्यांचं नाव काढलं तरी याच्या कपाळाला आठ्या. गॅरेजवाले त्याला मानायचे. आणि या गृहस्थाला कौतुकाची भूक अशी, की दोन चांगले शब्द ऐकायला तो जेवण सोडून येईल. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते दारूने झालं नाही की पैशाने झालं नाही.

शनिवारी दुपारी राघोशेटचा फोन आला. राघोशेट म्हणजे पंचक्रोशीतलं मोठं घर, दारात अकरा डंपर. "कुंडलिक, नवी गारी नाल्यान गेली. आज पोराची हलद, उंद्या वरात. तूच ये, दुसरा कोन नको." दुसरा कोणी नको! झालं, कुंडलिक उडालाच.

शीळफाट्याच्या पलीकडे पांढरी नवी कोरी गाडी नाक खाली घालून नाल्यात उतरली होती. डंपरने कट मारला, ड्रायव्हरने हँडल फिरवलं, संपलं. पुढचा बंपर गेला होता, पण तो काय, हारांखाली झाकला जाईल. खरी गंमत डावीकडे होती. मोरीचा सिमेंटचा कठडा आणि डावा दरवाजा यांच्यामध्ये वीतभर जागा. मागे वर ओढताना गाडीची मागची बाजू जरा डावीकडे सरकली की त्या बाजूचे दोन्ही दरवाजे सोलून निघणार.

रस्त्याच्या कडेला ड्रायव्हर उकिडवा बसला होता. धोंडीबा नाव, साठीला आलेला, राहायला दिव्याला. पट्टा लावला नव्हता, हँडल पोटात बसलं होतं. रक्ताचा थेंब नाही, पण चेहरा राखेसारखा, आणि सावलीत बसूनही दरदरून घाम.

"वाईच पानी द्या," तो म्हणाला. तासाभरातली ही तिसरी बाटली होती.

कुंडलिकचा मदतनीस प्रीतम, दोन पोरांचा बाप, सरळ माणूस, त्याच्या कानाशी लागला. "काका, आतून फुटलंय याचं. कलर बघा. आधी याला रिक्षात टाकू."

कुंडलिकला दिसत नव्हतं का? अहो, बावीस वर्षं तो असलेच चेहरे बघत आलाय! पाणी पाणी करणारा आणि गार पडत जाणारा माणूस म्हणजे काय, हे त्याला डॉक्टरइतकं कळत होतं. पण त्याची नजर पुन्हा त्या वीतभर जागेवर गेली.

गाडी वर घेताना आत कुणीतरी बसून हँडल उजवीकडे दाबून धरायला हवं होतं. नाक चिखलात असताना इंजिन चालू करायचं नाही, त्यामुळे हँडल जड. कुंडलिकच्या हातात क्रेनची तार, प्रीतम चाकांखाली फळ्या सरकवणार. उरला राघोशेट, तो कधीचाच तिथे येऊन उभा होता. त्याचे गुडघे गेलेले, नाल्यात उतरणंच अशक्य. बरोबर आलेला त्याचा पुतण्या पुढे झाला, तर राघोशेटने त्याचा दंड धरला. "तू करवला. हलद लागलीय तुला. अपघाताचे गारीन कसा बसशील?"

"दोरीने बांधू हँडल," प्रीतम म्हणाला. "थोडं घासेल, घासू दे."

थोडं घासेल! राघोशेटच्या हातातल्या फोनवर त्याचा मुलगा देवेश होता, तोंडभर हळद, मागे बँजो वाजतोय. "पप्पा, दरवाज्याला काय झालं नाय ना? कुंडलिककाका, तुमच्यावर आहे हां सगळं!"

कुंडलिक धोंडीबासमोर बसला. आवाज असा मऊ केला की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. "मामा, पाच मिनिटं. हँडल तेवढं धरा. मग थेट हॉस्पिटल."

"पोटात लई कळ येतीया, दादा."

"शेटची गाडी तुमच्या हातून पडली ना? मग तुमच्याच हातून वर येऊ दे."

धोंडीबा उठला. बिचारा पहिल्यापासून अपराध्यासारखाच बसला होता, एवढं बोलणं पुरलं.

तार ताणली. गाडी बोटबोट मागे सरकू लागली. "उजवीकडे, मामा! दाबा!" म्हाताऱ्याने सगळं अंग हँडलवर टाकलं, ओठ दातांत धरले. निम्म्यावर आल्यावर त्याने काचेतून बघितलं. "दादा, उतरू का? डोळ्यापुढं अंधारी आली."

तार थांबवता आली असती. कठडा चार बोटांवर होता. "आता सोडलंत तर सगळं पाण्यात," कुंडलिक ओरडला. "धरा!"

त्याने धरलं. गाडी वर आली, चारी चाकं डांबरावर. राघोशेटने डाव्या दरवाज्यावरून तळहात फिरवला, फोन तिथे धरला, तिकडे मांडवात पोरं ओरडली. सगळ्या भानगडीत धोंडीबा हँडलवर कपाळ टेकून होता.

"श्वास आहे," प्रीतम म्हणाला. "काका, याच गाडीतून नेऊ. वीस मिनिटांत डोंबिवली."

राघोशेटचा चेहरा उतरला. "बाहेर काढा त्याला. पयला बाहेर काढा! गारीन काय झाला, तर उंद्या पोर कशान बसल?"

आणि कुंडलिकने काढलं. मान सांभाळून, काखेत हात घालून, पाय कुठे आपटू न देता. कामात कसूर नाही! म्हाताऱ्याला क्रेनच्या केबिनमध्ये बसवलं. प्रीतमने क्रेन काढली, ती अवजड गाडी, पुढे फाट्यापर्यंत ट्रक उभे. मग कुंडलिकने नव्या गाडीला सेल मारला. एका झटक्यात चालू झाली. पुतण्या आला तसा बाइकवर गेला, आणि मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या ठेवून कुंडलिक राघोशेटला घेऊन उलट दिशेने गावाकडे निघाला.

मांडवात गाडीवरून लिंबू उतरवलं. राघोशेटची बायको सगुणा हिने कुंडलिकच्या कपाळाला हळद लावली. देवेशने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. "असा कारागीर अख्ख्या ठाण्यात नाय!" राघोशेटने तिथल्या तिथे सांगितलं की डंपर पडला तर यापुढे कुंडलिकच. पंगतीत त्याला मानाने पहिला बसवला.

मटण वाढलं आणि फोन वाजला. प्रीतमचा.

"काका, गेले. फाट्यावर ट्रॅफिकमध्येच गेले. त्यांच्या घरी काय सांगू? काका? ऐकताय ना?"

कुंडलिकने फोन बंद केला. त्याने वर पाहिलं. समोर राघोशेट हसून विचारत होता, "कोनाचा फोन?"

"दुसरी गाडी पडलीय कुठेतरी," कुंडलिक म्हणाला. "सांगितलं त्याला, येतो म्हणून." आणि सगुणाबाई रस्सा घेऊन आल्या तेव्हा त्याने ताट पुढे केलं.