वरचं युनिट

चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार खुशाल केळझरला परतला, तेव्हा एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की होती. घर घ्यायचं, पण दोन भागांचं. त्याचा सोबती प्रेमदास याने नागपुरात तसंच केलं होतं. माजी सैनिकाला पेन्शनीवर बँक घरकर्ज देते. त्यातून घर घ्यायचं, खाली आपण राहायचं, वरचा मजला भाड्याने द्यायचा. हप्ता भाड्यातून जातो आणि पाचेक वर्षांनी पुढच्या घराकडे बघता येतं.

त्याची बायको कुंताबाई बाजाराला न्यायची वांगी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एका घरात धड राह्यलो नाई आपण, अन् तुमी दुसऱ्याचं सांगून राह्यले."

खोटं नव्हतं. साऱ्या सुट्ट्या जोडल्या तरी चोवीस वर्षांत चारच वर्षं सोबतीची भरत होती.

तरी ती घर बघायला आली. सिंदी मेघेला सदाशिवराव नावाच्या निवृत्त मास्तरांचं घर विकायला होतं. वर जायला बाहेरून जिना, मागे थोडी मोकळी जागा. कुंताने खोल्या नीट पाहिल्याच नाहीत. मागे जाऊन माती मुठीत घेतली आणि "सांभार होते इथं," एवढंच म्हणाली. कोथिंबीर होईल म्हणजे घर पसंत, हे खुशालला कळलं. मास्तर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाले. त्यांना दुसरं गिऱ्हाईकही होतं.

बँकेत मुकेश नावाचा तरुण साहेब फॉर्म भरत होता. "युनिटचं सांगा, काका," तो म्हणाला. खुशाल खुर्चीतून उठला आणि ताठ उभा राहून त्याने आपल्या पलटणीचा नंबर सांगितला. मुकेशला घराचे स्वतंत्र भाग किती, ते हवं होतं. कुंता तोंडाला पदर लावून इतकी हसली की शिपाई पाणी घेऊन आला.

मग सहीची वेळ आली. कर्ज पेन्शनीवर, म्हणून बायको सोबतची कर्जदार लागत होती. कागदावर छापलं होतं, पेन्शनर मयत झाल्यास पत्नी कुटुंब पेन्शनमधून हप्ते भरील. कुंता सातवी शिकलेली. तिने बोट ठेवून ती ओळ वाचली आणि पेन खाली ठेवला.

"मले नाई करायची सही."

"काऊन?"

"मी तुमच्या आधी जाणार हाओ. कुंकू लावून."

खुशालने समजावलं की हा नुसता कागद आहे, फौजेत असे कितीतरी भरले. ते मला न विचारता भरले, ती म्हणाली. इतकी वर्षं टपालवाला दारात थांबला की तिचे हात गार पडायचे. आता माणूस घरी आला, तर त्याच्या मरणावर सही काय म्हणून करायची? मुकेशने सांगितलं, सहीशिवाय कर्ज नाही. दोघं बसने केळझरला परतले.

खुशालने पुन्हा विषय काढला नाही. घर गेलं असंच त्याने धरलं. महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा सकाळीच कुंता ठेवणीतली साडी नेसून उभी राहिली.

"चला जी. देतो लिहून."

बँकेत तिने बराच वेळ घेऊन सही केली. मुकेशने कागद फिरवून पाहिला आणि डोक्याला हात लावला. त्या छापील ओळीशेजारी तिने लिहिलं होतं, 'असं होनार नाई. मी आधी जाईन.' कागद बाद झाला, दुसरा छापावा लागेल, तो म्हणाला. छाप, बापू, माझं सांगून झालं, असं म्हणून तिने दुसऱ्यावर गुमान सही केली. पहिला कागद मुकेश फाडणार होता. खुशालने तो मागून घेतला.

घर झालं. वर आचल आणि पिंकी, नर्सिंग शिकणाऱ्या समुद्रपूरच्या दोन मुली राहायला आल्या. कुंता त्यांना 'वरचं युनिट' म्हणायची. वरच्या युनिटला वांगी, वरच्या युनिटला सांभार, सणाला पुरणाची पोळी. भाडेकरूंचे असे लाड केले तर पुढचं घर कधी होणार, खुशाल कुरकुरला.

"तुमाले घरं पाह्यजे का मी?" तिने विचारलं. त्यानंतर पुढच्या घराचं नाव त्याने काढलं नाही.

पाच वर्षं ते एका घरात राहिले. सलग.

यंदा चैत्रात कुंता गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. नर्स होऊनही वरच राहिलेल्या त्या दोघींपैकी आचलने तिचे केस विंचरले, पिंकीने कपाळभर कुंकू लावलं.

पुढच्या महिन्यात खुशाल बँकेत गेला. सोबतची कर्जदार गेली म्हणजे नोंद बदलायला हवी. मुकेशने फाईल दोनदा उलटून पाहिली. पेन्शनर गेल्यावर काय, ते सगळं छापलेलं होतं. पत्नी आधी गेल्यावर काय, त्याला रकानाच नव्हता. तुम्हीच एक अर्ज लिहून द्या काका, तो म्हणाला.

खुशालने पिशवीतून तो जुना बाद कागद काढला आणि टेबलावर सरळ करून ठेवला.

"तिनं लिहून देल्लं आहे," तो म्हणाला. "हे चालते का पाहा."

मुकेशने वाचलं. मग शिपायाला हाक न मारता स्वतःच उठला. "झेरॉक्स काढून आणतो काका," तो म्हणाला. "हा तुमच्यापाशीच राहू द्या."