पाटावरचा बाप

गोजराबाईनं परातीत रामकिसनच्या पायावर पाणी ओतलं, तसा गुदगुल्या होऊन त्यानं पाय मागं घेतला.

“पाय वढू नको,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “पितर पाय वढत नसतात.”

“काकू, मले सवय नाई वं.”

“आज मी तुही काकू नाई. गप्प राह्य.”

आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. केनवडात घरोघरी मेलेल्यांच्या नावानं भावकीतला एकेक जिवंत माणूस पाटावर बसत होता. तो पोटभर जेवला की पितर तृप्त. ताटावरून उपाशी उठला, तर घराची वर्षभराची बरकत गेली. गोजराबाईचा नवरा इंद्रभान वारल्याला वर्ष झालं होतं, आणि त्याच्या जागी बसायला तिनं मुद्दाम रामकिसनला निवडलं होतं. त्याच्याएवढा मऊ माणूस गावात दुसरा नव्हता. बैलालाही तो ‘चाल ना बाप्पा’ म्हणायचा. दोन दिवसांपूर्वी विहिरीवर गाठून तिनं त्याच्याकडून तीन शब्द पाठ करून घेतले होते: रंगीले घरात घ्या.

रंगी म्हणजे रंगूबाई, तिची लेक. या घडीला ती कुंपणाबाहेर निंबाखाली आंब्यांची टोपली घेऊन बसली होती. एकोणिसाव्या वर्षी ती रांडावली. इंद्रभाननं तिच्यासाठी पन्नाशीचा एक पैसेवाला पाहिला. तिनं तो नाकारला आणि मालेगावच्या एका तरण्या माणसाशी आपल्या मनानं दुसरं लगीन केलं. बापानं उंबरा बंद केला. त्याला सहा वर्षं झाली. दर आखाजीला ती यायची, उन्हं कलेपर्यंत निंबाखाली बसायची आणि आणलेली टोपली तशीच परत न्यायची.

बाप गेल्यावर उंबरा उघडेल असं तिला वाटलं होतं. पण बाप गेला कुठे होता? तेराव्याला शालिग्रामनं, तिच्या भावानं, बापाचं पागोटं डोक्यावर घेतलं आणि पागोट्याबरोबर बाकीचंही उतरलं. बोलण्याआधीचा तो खाकरा. बायकोकडे न बघता हुकूम सोडणं. औतामागं शिट्टी वाजवत चालणारा, बहिणीच्या झोक्याला ढकलणारा शाल्या कुठे गेला, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. उलट लोक म्हणत, हुबेहूब इंद्रभान! आणि हे कौतुकानं म्हणत, याचाच संताप येतो.

“शाल्या, पागोटं काढ,” गोजराबाई म्हणाली. “पितराच्या डोक्यावर पाह्यजे ते.”

शालिग्राम खाकरला. मग नाइलाजानं त्यानं पागोटं उतरवून रामकिसनच्या डोक्यावर ठेवलं. त्याच्या कपाळावर उन्हानं न रापलेला पांढरा पट्टा उघडा पडला.

चतुराबाईनं, शालिग्रामच्या बायकोनं, ताट वाढलं. पोळी, वडे, कुरडया, कढी. रसाची वाटी मात्र रिकामी होती. घरच्या आंब्याला यंदा मोहर आला नव्हता.

रामकिसननं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. हळूहळू त्याची पाठ ताठ झाली.

“मीठ कोनं टाकलं याच्यात?” तो म्हणाला.

चतुराबाईच्या हातातली पळी थबकली. सासरा अगदी असाच विचारायचा.

“शाल्या, उभा काय राह्यला? वारा घाल.”

शालिग्रामनं मुकाट्यानं पंखा उचलला. गोजराबाईनं दोनदा खोकून पाहिलं. रामकिसनचं लक्ष नव्हतं.

“तुमाले काई म्हनाचं व्हतं ना?” तिनं शेवटी आठवण दिली.

रामकिसननं दाराबाहेर नजर टाकली. खाकरला. “निंबाखाली कोन बसून राह्यलं ते?”

“रंगी हाये.”

“तिले सांगा, इंद्रभानच्या उंबऱ्यावर पाय ठेवला तं तंगडं मोडीन!”

गोजराबाईनं कपाळावर हात मारला. पंखा थांबला. हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी शालिग्रामनं याच जागी मान खाली घालून ऐकलं होतं. गेलं वर्षभर ते त्याच्या स्वतःच्या तोंडी होतं. आज ते पुन्हा समोरून आलं.

“काहून?” तो म्हणाला. आवाज पोरासारखा चिरका निघाला.

“काय म्हनलं?”

“काहून, म्हन्तो मी! काय वाईट केलं तिनं? तो पन्नाशीचा बुढा एवढा पसंत व्हता, तं तुमीच लावाचं व्हतं लगन त्याच्यासंगं!”

चतुराबाईनं तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच. शालिग्रामनं पंखा फेकला आणि चार ढांगांत अंगण ओलांडलं.

“रंगे, ऊठ.”

“भाऊ... आन् बा?”

“बा जेवून राह्यला. चाल तू.”

टोपली उघड्या डोक्यावर घेऊन तो पुढं, ती मागं, अशी दोघं उंबऱ्यातून आत आली.

“मी उठतो ताटावरून!” पितर कडाडला आणि खरोखरच अर्धा उठला.

गोजराबाईनं त्याचा खांदा धरून त्याला खाली दाबलं. “बसा गुमान! चाळीस वर्सं तुमच्या धाकानं मीठ तीनदा चाखून टाकलं. आज हाये तसं खा.”

पितर बसला. रंगूबाईनं टोपलीतला एक आंबा निवडला, तळहातांत फिरवून मऊ केला आणि रिकाम्या वाटीत पिळला. धाग्यांसकट रस वाटीत पडला. त्यानं बोट बुडवून चाखला.

“कुठला व्हय?”

“मालेगावचा, बा.”

त्यानं वाटी तोंडाला लावून रिकामी केली.

“गोड हाये,” तो म्हणाला आणि वाटी पुढं केली.

चार वाट्या झाल्यावर त्यानं आचवलं, पागोटं काढून पाटावर ठेवलं आणि घामानं थबथबलेला रामकिसन गोजराबाईपुढं हात जोडून उभा राहिला.

“काकू, पाठ व्हतं वं मले. अगदी तोंडाशी आलतं. मधातच कोन बोलून राह्यलं, मलेच समजलं नाई.”

“बरं झालं. हे पागोटं घेऊन जाय तुले.”

“नको!” तो दोन पावलं मागं सरला. “घरी बायको हाये माही.”

आणि तो चपला हातात घेऊनच पळाला.

पागोटं पाटावर पडून राहिलं. रंगूबाई घरच्यांसाठी आंबे पिळायला बसली.

“माय, रस गाळाले फडकं दे.”

गोजराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. पाटावरून पागोटं उचलून तिनं त्याचा पीळ सोडला. “परवाच धुतलं हाये,” ती म्हणाली आणि एक टोक लेकीच्या हातात दिलं.

शालिग्रामनं ते पाहिलं. खाकरण्यासाठी त्याचा गळा हललासुद्धा. मग तो खाली बसला, दुसरं टोक धरलं आणि पीळ द्यायला लागला. पिवळाधम्मक रस पातेल्यात गळू लागला. पिळता पिळता त्याच्या ओठांतून शिट्टी निघाली आणि मध्येच फसली.

“भाऊ, लय बेसूर वाजवून राह्यला गा तू,” रंगूबाई म्हणाली.

त्यानं ओठ पुसले आणि पहिल्यापासून सुरू केली.